कायद्याची शाळा आणि बेल्ह्याचा बाजार

ज्या देशात कायदा करणारे एका ठिकाणी, कायदा शिकविणारे दुसऱ्या ठिकाणी आणि कायदा सोसणारे तिसऱ्याच ठिकाणी असतात, त्या देशात कायद्याची पुस्तके कितीही वाढली तरी त्या मानाने न्यायही वाढतोच असे नाही. महाराष्ट्रात कायद्याच्या शिक्षणाची वाण आहे असे कोणीही म्हणणार नाही. मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय 1855 मध्ये निघाले. पुण्यास इंडियन लॉ सोसायटीने 1924 मध्ये आपले महाविद्यालय काढले. 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे स्वतःच नामांकित कायदेपंडित होते. आणि 2014 च्या कायद्याने मुंबई, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अशा तीन ठिकाणी राष्ट्रीय विधी विद्यापीठे काढण्याची तरतूद झाली. ह्या संस्थांत ग्रंथालये आहेत, नियतकालिके आहेत, परिषदा भरतात, लघुप्रबंध आणि प्रबंध लिहिले जातात. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु ह्या विद्वत्तेचा हिशेब मागण्याचा अधिकार ज्यांच्या करातून ह्या संस्था चालतात त्या लोकांस आहे, आणि तो हिशेब आज आम्ही एका बाजारगावाच्या नावाने मागणार आहो. ते गाव म्हणजे बेल्हे.

बेल्ह्याचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. जुन्नर तालुक्याच्या पूर्वभागात, आळेफाट्याच्या पुढे, कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसले आहे. तेथील सोमवारचा आठवडे-बाजार बैलांच्या खरेदी-विक्रीबद्दल प्रसिद्ध असून जुन्नर, आंबेगाव व पलीकडील पारनेर ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांस तो परिचयाचा आहे. बैलांच्या बाजारातील व्यवहार कसा होतो हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. गिऱ्हाईक दावणीपाशी येते, बैलाचे दात पाहून तो आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला आहे हे ठरविते, त्यास चालवून पाहते, खांद्याला हात लावून पाहते. मग दलाल मध्ये पडतो, कोठे अजूनही उपरण्याखाली बोटे दाबून भाव होतो, इसार दिला जातो आणि राहिलेल्या रकमेचा वायदा पुढच्या बाजारावर किंवा पुढच्या पिकावर जातो. हजारो रुपयांचा हा व्यवहार. त्याचा बराचसा भाग तोंडच्या शब्दावर चालतो, आणि चांगला चालतो. परंतु जेथे तो बिघडतो तेथेच कायद्याचे काम सुरू होते.

समजा, एखाद्या शेतकऱ्याने बैल घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी औतास जुंपला, तो बैल तासात बसू लागला, किंवा मारका निघाला, किंवा त्याच्या खुरातील जुना दोष उघड झाला. आता ह्या शेतकऱ्याचा हक्क काय? बैल परत करता येतो काय? किती दिवसांत? इसार कोणाचा? दलालाने ‘खोड नाही’ म्हणून जो शब्द दिला तो विकणाऱ्यावर बांधील आहे की केवळ बाजारातील बोलणे म्हणून सोडून द्यावयाचा? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण पेरणीच्या तोंडावर ज्याचा बैल गेला त्याचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला म्हणजे सावकाराचे दार आले. तेव्हा ह्या लहान प्रश्नावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते.

ह्या प्रश्नाचा आमच्या पूर्वजांनी विचार केला नव्हता असे नाही. धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत क्रीतानुशय, म्हणजे विकत घेतल्यावर होणारा पश्चात्ताप, ह्या विषयास स्वतंत्र स्थान आहे. याज्ञवल्क्याने खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा करण्यास मुदती घालून दिल्या आहेत: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, रत्नांस सात दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस आणि ओझे वाहणाऱ्या व जुंपावयाच्या जनावरास पाच दिवस. बैल पाच दिवस जुंपून पाहिल्यावाचून त्याची खोड कळत नाही, हे ओळखणारा स्मृतिकार केवळ पोथीपंडित नव्हता. त्याने बाजार पाहिलेला होता. त्याच याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, आणि ती मिताक्षरा महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली.

पुढे इंग्रजी राज्य आले. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनाने न्यायाधीशांस असा दंडक घालून दिला की, ज्या बाबतीत सरकारचा लेखी कायदा नसेल तेथे प्रथम देशाची वहिवाट पाहावी, नंतर प्रतिवादीचा धर्म-कायदा पाहावा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्बुद्धी ह्यांस अनुसरावे. म्हणजे वहिवाटीस त्या काळी पहिले पान मिळाले होते. नंतर 1872 चा कराराचा कायदा व 1930 चा मालविक्रीचा कायदा आला. ह्या दुसऱ्या कायद्याने सामान्यतः खरेदीदारानेच डोळे उघडे ठेवावे असा इंग्लंडातील नियम येथे रूढ केला. परंतु त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमात एक लहानशी खिडकी उघडी ठेवली आहे. वस्तूच्या गुणाबद्दल किंवा ती विशिष्ट उपयोगास योग्य असण्याबद्दल जी हमी करारात स्पष्ट लिहिलेली नाही, ती त्या व्यापाराच्या वहिवाटीनेही करारास जोडली जाऊ शकते, असे ते कलम सांगते. ह्याचा अर्थ आमच्या व्यापारी वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. बेल्ह्याच्या बाजारात ‘औतास पक्का’ म्हणून विकलेला बैल अमुक दिवसांत परत घेण्याची वहिवाट असेल, ती निश्चित, सर्वांस ठाऊक आणि वाजवी असेल, तर ती वहिवाट हाच तेथील कायदा आहे; त्यास मुंबईच्या विधिमंडळाचा किंवा दिल्लीच्या संसदेचा शिक्का आणखी लागत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण पुराव्याची आहे. वहिवाट न्यायालयात सिद्ध करावी लागते. 1872 चा जुना पुराव्याचा कायदा घ्या, किंवा त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेला नवा घ्या. दोहोंतही रूढी जाणणाऱ्या माणसांचे मत ग्राह्य धरले आहे. परंतु वादी आपले चार साक्षीदार आणतो, प्रतिवादी आपले चार आणतो, आणि न्यायाधीशासमोर आठ शपथा व शून्य निश्चय उरतो. बैलाच्या किंमतीपेक्षा खर्च अधिक होतो हे पाहून शहाणा माणूस न्यायालयाची पायरीच चढत नाही. अशा रीतीने जो कायदा पुस्तकात आहे तो बाजारात नाही, आणि जो बाजारात आहे तो कोणत्याही पुस्तकात नाही. ही दरी भरून काढणे हेच विद्यापीठातील कायद्याच्या संशोधनाचे पहिले काम होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे काम महाराष्ट्रात पूर्वी झालेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्याकडे विद्वत्तेचे दोन प्रवाह वाहत आले आहेत. एक प्रवाह ग्रंथांचा. विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांनी 1880 मध्ये व्यवहारमयूखाचे मूळ व इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुण्याच्या लॉ कॉलेजचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे ह्यांनी धर्मशास्त्राच्या मूळ ग्रंथांची मालाच संपादून व भाषांतरून काढली. आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत असता धर्मशास्त्राच्या इतिहासाचे जे प्रचंड काम आरंभिले त्याचा पहिला खंड 1930 मध्ये व पाचवा 1962 मध्ये पुरा झाला; 1963 मध्ये राष्ट्राने त्यांस भारतरत्न देऊन त्या कामाचे चीज केले. परक्यांनी लावलेल्या अर्थावर अवलंबून न राहता आपला कायदा आपण मूळ ग्रंथांतून वाचावा, हा ह्या प्रवाहाचा बाणा होता, आणि तो राष्ट्रीय बाणा होता.

दुसरा प्रवाह वस्तुस्थितीच्या शोधाचा. आर्थर स्टील ह्याने एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत दख्खनमधील जातींच्या रूढी विचारून घेऊन 1827 मध्ये त्यांचा संग्रह केला, आणि पुढे न्यायालयांनी त्याचा आधार वेळोवेळी घेतला. परंतु हे काम सरकारी हेतूने व सरकारी माणसाने केलेले. लोकांच्या बाजूने हे काम प्रथम केले ते पुण्याच्या सार्वजनिक सभेने. 1870 मध्ये स्थापन झालेल्या ह्या सभेने, वकील गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका ह्यांच्या पुढाकाराने, 1872-73 च्या सुमारास गावोगावची माहिती मिळवून शेतकऱ्यांच्या स्थितीचा अहवाल तयार केला. दोन वर्षांत, 1875 मध्ये, सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला, त्याची चौकशी झाली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशास खताच्या कागदामागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्यास सांगितले, आणि शेतकऱ्यांची खते गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावीत अशी व्यवस्था केली. त्या कायद्याचे गुणदोष काहीही असोत. दंग्यापूर्वीच वस्तुस्थिती लोकांनी लिहून ठेवली होती, आणि सरकारने दंगा झाल्यावर ती पाहिली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण ह्याहून अधिक समर्पक कोठे लागू पडणार?

ह्याच प्रवाहात आणखी दोन नावे घेतली पाहिजेत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर ह्या एका गावाचा कानाकोपरा तपासून 1917 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले की 1771 मध्ये त्या गावी सरासरी धारण 40 एकरांचे होते, ते 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांच्या प्रश्नावर निबंध लिहिला आणि दाखवून दिले की शेत लहान का मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यास लागणाऱ्या औतांच्या, जनावरांच्या व भांडवलाच्या मानाने ते ठरते. आणि जमिनीवर पोसली जाणारी अधिक माणसे उद्योगधंद्यांकडे वळल्याशिवाय केवळ जमिनी एकत्र करण्याने रोग बरा होणार नाही. 1927 मध्ये मुंबईच्या कायदे-कौन्सिलात लहान धारणांचे बिल आले तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला तो ह्याच अभ्यासाच्या बळावर. पुढे 1935 मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शेवटी 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यातील प्रमाणभूत क्षेत्राच्या मर्यादा वारंवार बदलत आल्या, आणि जमिनीचे तुकडे कायदा झुगारून पडतच राहिले. ज्या विद्वानाने कायद्याच्या आधी वस्तुस्थिती मोजली होती त्याचे म्हणणे खरे ठरले, हे आता वेगळे सांगावयास नको.

आमचे दुःख हे की ग्रंथांचा प्रवाह आणि वस्तुस्थितीचा प्रवाह हे दोन्ही जेथे एकत्र मिळावयाचे, त्या विद्यापीठीय कायद्याच्या शाळेत त्यांचा संगम व्हावा तितका झाला नाही. विद्यार्थी निवाड्यांवरून निवाडे काढतो, टिपांवरून टिपा लिहितो, अभिरूप न्यायालयात कल्पित पक्षकारांची बाजू कल्पित वस्तुस्थितीवर मांडतो. बुद्धीच्या तालमीस हे ठीक आहे; तालीम नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु जन्मभर तालमीतच जोर काढणाऱ्या मल्लास कुस्तीचा फड कधी दिसावयाचा?

ह्या उणिवेची किंमत काय पडते, ह्याचे ताजे उदाहरण ह्याच बैलाच्या विषयात आहे. बैलगाडा शर्यतींचा शौक जुन्नर, आंबेगाव, खेड ह्या भागात किती आहे हे सर्वांस ठाऊक आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील ह्या शर्यतीही प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याखाली बंद केल्या. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. तीही न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. शर्यती असाव्यात की नसाव्यात, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. बैलास पराणी टोचणाऱ्याचा कैवार आम्ही घेणार नाही, आणि शेतकऱ्याच्या आनंदास रानटीपणा म्हणणाऱ्या शहरी पंडिताचाही घेणार नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. ही नऊ वर्षे जो वाद चालला त्यातील मुख्य प्रश्न वस्तुस्थितीचे होते: ही शर्यत खरोखर जुनी परंपरा आहे काय, तीत बैलास कोणती पीडा होते, ती नियमांनी टळते काय? ह्यापैकी परंपरेच्या प्रश्नावर 2023 च्या निकालात न्यायालयाने असे सांगितले की, त्यास धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक अंगांचे सविस्तर विवेचन लागते आणि ते काम न्यायसंस्थेने करावयाचे नव्हे. म्हणून विधिमंडळाने जे ठरविले ते न्यायालयाने मानले.

हे वाक्य कायद्याच्या प्रत्येक शाळेच्या दारावर लावून ठेवण्यासारखे आहे. न्यायालय म्हणते, हे काम आमचे नव्हे. विधिमंडळ मतांची गणती करून कायदा करते. त्यास खोल तपासाची सवड नसते. मग हे काम कोणाचे? आमचे उत्तर आहे: विद्यापीठाचे. विद्यापीठाने 2014 च्या आधीच घाटाघाटांवर जाऊन नियम, नवस, बक्षिसे, बैलांची निगा आणि बैलांस होणाऱ्या इजा ह्यांची निःपक्षपाती नोंद केली असती, तर ती दोन्ही पक्षांस व न्यायालयासही उपयोगी पडली असती. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि प्रश्न संपले आहेत असेही नाही. 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू ह्यांच्याही कत्तलीस बंदी झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी ती बंदी कायम ठेवली, मात्र दुसऱ्या राज्यात कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा राज्य सरकारचा नियम आला. ह्या प्रत्येक नियमाने दावणीवरील भाव, म्हाताऱ्या बैलाची गत, व्यापाऱ्याची जोखीम, रस्त्यावर गाडी अडविणाऱ्याची हिंमत आणि गरीब शेतकऱ्याची कुवत ह्यांवर परिणाम होतो. तो परिणाम किती, चांगला की वाईट, हे बेल्ह्यासारख्या बाजारात वर्षभर दर सोमवारी वही घेऊन बसल्याशिवाय कळणार नाही. दिल्लीस भरणाऱ्या परिषदेत ते कळण्याचा संभव नाही.

असा प्रयोग जगात कोणी केलाच नाही, अशी शंका घेणाऱ्यांस एक उदाहरण देतो. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात चेर्नोवित्स नावाचे एक कोपऱ्यातील शहर होते. ते आज युक्रेनमध्ये आहे. तेथील विद्यापीठात यूजेन एर्लिख नावाचा कायद्याचा अध्यापक होता. त्याच्या आसपास रुमानियन, युक्रेनियन, जर्मन, ज्यू, आर्मेनियन अशा अनेक समाजांचे लोक राहत, आणि सर्वांस एकच ऑस्ट्रियन दिवाणी कायदा लागू होता. एर्लिखने पाहिले की लग्न, वारसा, खंड, मजुरी ह्या बाबतीत प्रत्येक समाज आपल्याच रीतीने चालतो आणि संहिता कपाटातच राहते. त्याने आपल्या विद्यार्थ्यांस प्रश्नावली देऊन लोकांत पाठविले आणि जो कायदा लोक प्रत्यक्ष पाळतात त्यास ‘जिवंत कायदा’ असे नाव दिले. 1913 मध्ये त्याने ह्यावर लिहिलेला ग्रंथ आज जगभर वाचला जातो. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, हे काम व्हिएन्नाच्या राजधानीत झाले नाही. आडवळणाच्या एका विद्यापीठात झाले, कारण शोधाची सामग्री तेथे दाराशी होती. आमच्या आडवळणाच्या महाविद्यालयांनी ह्यावरून धीर घ्यावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की वस्तुस्थितीचा तपास हे अर्थशास्त्र्याचे किंवा तहसीलदाराचे काम, वकिलाचे नव्हे. ह्यास उत्तर सोपे आहे. अर्थशास्त्री भाव मोजील, तहसीलदार कर मोजील. परंतु इसार दिल्याने कोणावर कोणते बंधन येते, दलाल हा कोणाचा प्रतिनिधी, आणि वायदा चुकल्यावर लोक काय योग्य मानतात, हे प्रश्न ज्यास सुचतात तोच कायद्याचा माणूस. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या अपक्वपणाचा. परंतु जो विद्यार्थी परीक्षा पास होताच दुसऱ्याच्या जमिनीचा व अब्रूचा दावा चालवावयास पात्र ठरतो, तो दोन वर्षे आधी चार प्रश्न विचारण्यास अपात्र कसा?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व त्याचा आम्ही आदर करितो. वहिवाट लिहून काढली म्हणजे गावातील बळकटांचीच वहिवाट लिहिली जाते, असे सुधारक म्हणतात. ते खरे आहे. पंजाबात सरकारी अधिकाऱ्यांनी रूढींचे जे दप्तर तयार केले, त्यातील स्त्रियांच्या हक्कांस बाधक नोंदींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये असे म्हटले की, ज्या स्त्रियांस ती नोंद होताना आपले म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्याविरुद्ध अशा नोंदीचे वजन फार थोडे धरावे. म्हणून आम्ही म्हणतो, चावडीवर पाटलास व चार प्रतिष्ठितांस विचारून परत येणारा संशोधक आम्हांस नको. ज्या बाईच्या नावावर सात-बारा नाही पण जी बैलास वैरण घालते तिला विचारा; सालगड्यास विचारा; मेलेल्या जनावराचे कातडे काढण्याचे काम पिढ्यानपिढ्या ज्यांच्या माथी मारले गेले त्यांस विचारा; गुरांचा व्यापार करणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यास विचारा. आणि जी वहिवाट अन्यायाची दिसेल ती अन्यायाची म्हणून लिहा. रूढी लिहिणे म्हणजे रूढीची पूजा करणे नव्हे. रोग लिहिल्याशिवाय औषध ठरत नाही.

चौथा आक्षेप भाषेचा. संशोधन इंग्रजीत नसेल तर जगास कसे कळणार, असे विचारले जाते. जगास कळवावे, पण आधी बेल्ह्यास कळवावे. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असावी असे 1998 मध्येच ठरले आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2019 पासून देशी भाषांत देण्यास प्रारंभ झाला आहे. जेथे सर्वोच्च न्यायालय मराठीत बोलावयास तयार आहे, तेथे मराठी मुलखातील विद्यापीठाने मराठी शेतकऱ्यावरचा प्रबंध त्या शेतकऱ्यास वाचता येऊ नये अशा भाषेतच लिहावा, हे स्वराज्यास शोभत नाही. दोन भाषांत लिहिण्याचा त्रास होतो हे आम्हांस मान्य आहे. काणे-घारपुऱ्यांस संस्कृत व इंग्रजी अशा दोन भाषांत काम करण्याचा त्रास झाला नव्हता काय?

तेव्हा आमच्या सूचना थोड्या पण निश्चित आहेत. प्रत्येक कायद्याच्या महाविद्यालयाने एक बाजारगाव पाच वर्षांसाठी अभ्यासास घ्यावे. जुन्नर-आंबेगावाच्या पट्ट्यात ते बेल्हे असावे. पहिल्या वर्षी फक्त व्यवहारांची नोंद व्हावी: इसार, दलाली, परतीची मुदत, उधारी, तंटे आणि ते कोणी कसे मिटविले. पुढील वर्षी त्या नोंदी 1930 च्या कायद्याशी, बाजार-समित्यांच्या 1963 च्या कायद्याशी व आमच्या जुन्या ग्रंथांतील नियमांशी ताडून पाहाव्यात. विद्यापीठाने अशा कामास परीक्षेत गुण द्यावेत, कारण ज्यास गुण नाहीत ते विद्यार्थी करीत नाहीत व ज्याने बढती नाही ते अध्यापक करीत नाहीत. तयार झालेल्या प्रत्येक प्रबंधाची मराठी प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीत व वाचनालयात ठेवावी, आणि ती पक्की होण्यापूर्वी बाजाराच्या दिवशी लोकांपुढे वाचून दाखवून त्यांच्या दुरुस्त्या घ्याव्यात. ज्या प्रबंधात गावाने एकही चूक काढली नाही तो गावात गेलाच नव्हता असे खुशाल समजावे. बाजाराचे काम हातास लागले म्हणजे ह्याच तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरात, महादेव कोळ्यांच्या गावांत, 1996 च्या पेसा कायद्याने व 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेले हक्क कागदावरून जमिनीवर किती उतरले, हा पुढचा विषय वाट पाहत आहे.

व्यापारी वर्गासही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. कोणी विद्यार्थी वही घेऊन दुकानी आला की हा कर-खात्याचा माणूस असावा, अशी शंका येते आणि तोंड मिटते. ही शंका निराधार नाही. म्हणून संशोधकाने नावे गुप्त ठेवण्याचा नियम कडक पाळला पाहिजे. परंतु एवढी खात्री मिळाल्यावर व्यापाऱ्याने बोलावे ह्यात त्याचेच हित आहे. जी वहिवाट त्याचा बाप-आजा पाळीत आला ती लिहिली गेली नाही, तर उद्या तिच्या जागी कोणीतरी लांब बसून केलेला नियम येईल, आणि तो पाळताना तक्रार करण्यास आधार उरणार नाही. जुन्नरच्या व्यापाऱ्यांस हे नवे नाही. दोन हजार वर्षांमागे ह्याच जुन्नरच्या लेण्यांत कासार, बांबूकाम करणारे व धान्याचे व्यापारी ह्यांच्या श्रेणींकडे दानाच्या ठेवी सोपविल्याचे लेख दगडात कोरून ठेवले गेले. ठेव कोणाकडे, कशासाठी, हे लिहून ठेवले म्हणूनच आज आम्हांस त्या श्रेण्यांची पत कळते. तेव्हाच्या कारागिरास जे महत्त्व कळले ते आजच्या वही-खात्याच्या मालकास कळू नये काय?

स्वराज्य म्हणजे कायदे करण्याचा अधिकार, एवढाच अर्थ आम्ही पूर्वी शिकलो. तो अधिकार मिळून पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. आता त्याच्या पुढची पायरी अशी की, कायदा करण्यापूर्वी आपल्याच लोकांचे जीवन आपण विद्वत्तेने जाणून घ्यावे. ही पायरी विधिमंडळ चढू शकत नाही, न्यायालय चढणार नाही असे त्याने सांगून टाकले आहे. राहता राहिली कायद्याची शाळा. तिने पुढील जून महिन्यात नवे वर्ग सुरू होताच एक अध्यापक, दहा विद्यार्थी व दहा वह्या एवढीच तयारी करावी आणि पहिल्याच सोमवारी बेल्ह्याची वाट धरावी. खर्च एसटीच्या भाड्याचा आहे; फलप्राप्ती मात्र तालुक्याच्या प्रत्येक दावणीपर्यंत पोहोचणारी आहे.